वास्तवदर्शी युद्धखेळ: शत्रू आपल्याला का दिसत नाही आणि आपण त्याला का दिसतो?

जागल्या (धागालेखक)

आर्मा ३, स्क्वॉड, हेल लेट लूज, इन्सर्जन्सी सँडस्टॉर्म या जातकुळीच्या संगणकावरच्या युद्धखेळांत नवा माणूस आला की त्याची पहिली तक्रार ठरलेली असते: गोळी कुठून आली तेच कळले नाही. या खेळांत शत्रूच्या डोक्यावर लाल त्रिकोण नसतो, कोणी खूण केल्याशिवाय नकाशावर ठिपका उमटत नाही, आणि मारणारा कोण होता हे बहुतेक वेळा मेल्यानंतरही समजत नाही. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतून हे खेळ खेळणारे आपण जे थोडेफार लोक आहोत, त्यांच्या गप्पांत हा विषय वारंवार निघतो आणि दरवेळी ‘डोळे उघडे ठेव’ एवढ्या सल्ल्यावर संपतो. डोळे तर उघडेच असतात. अडचण दुसरीकडे आहे. बंदुकांच्या तुलनेला या धाग्यात जागा नको, फक्त पाहणे आणि न दिसणे यावरच लिहावे, ही विनंती.

आधी थोडा हिशेब मांडतो. मॉनिटर १९२० पिक्सेल रुंदीचा आहे आणि खेळातील दृश्याचा कोन ९० अंश ठेवला आहे, असे धरा. ३०० मीटरवर त्या पडद्यात ६०० मीटर रुंदीचा प्रदेश मावतो, म्हणजे एका मीटरच्या वाट्याला जेमतेम तीन पिक्सेल येतात. १.८ मीटर उंचीचा उभा माणूस तेथे सहा पिक्सेलांचा होतो आणि तो पालथा पडला की एक-दीड पिक्सेल उरतो. निरोगी डोळा मात्र अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक भेद ओळखतो. ३०० मीटरवर तो भेद नऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे तोच उभा माणूस प्रत्यक्षात आपण वीस भागांत पाहतो. पडद्यावर आपली नजर साडेतीन पट मंद झालेली असते, ती अशी. आर्मामध्ये माऊसचे उजवे बटण दाबून धरले की हातात दुर्बीण नसतानाही दृश्य जवळ येते, यावर काही जण ‘ही तर लबाडी’ असे म्हणतात. माझ्या मते ती लबाडी नसून डोळ्याची हरवलेली धार परत देण्याची सोय आहे आणि ती सतत वापरावी.

सहा पिक्सेलांत हात, पाय, बंदूक असे काही ओळखू येत नाही. नजरेला टोचतात त्या दोनच गोष्टी: मागच्या रंगापेक्षा वेगळा पडलेला ठिपका आणि जागा बदलणारा ठिपका. तुरीच्या वावरात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, अख्खा कळप उभा असतो आणि आपण धुऱ्यावरून (बांधावरून) बघत असूनही तो दिसत नाही. एकाने कान झटकला की मग एकामागून एक सगळे दिसू लागतात. खेळातही पहिला दिसतो तो हलणारा, आणि बाकीचे दिसतात ते त्याच्यामुळे.

त्यामुळे लपण्याची जागा शोधताना समोर कोणता आडोसा आहे यापेक्षा पाठीमागे काय आहे हे आधी पाहावे. बहुतेक नवे खेळाडू उलटे करतात. आर्मा ३ मधले आल्टिस हे बेट ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून बेतलेले, सुमारे २७० चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा बराचसा भाग वाळक्या पिवळ्या गवताच्या टेकड्यांचा आहे. अशा टेकडीच्या माथ्यावर आडवे होऊन कोणी दुर्बीण लावली, तर समोरच्याला त्याचे डोके आणि खांदे आकाशावर काढल्यासारखे दिसतात. माथ्यापासून खाली, शत्रूच्या बाजूच्या उतारावर थोडे उतरून थांबले की पाठीमागे आकाशाऐवजी जमीन येते आणि तोच माणूस नाहीसा होतो. तेथे समोर एकही झुडूप नसले तरी चालते, ही गोष्ट पटायला वेळ लागतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. आपल्या पडद्यावर जे गवत दिसते ते आपल्या संगणकाने आपल्याभोवती काढलेले असते. शत्रूचा संगणक गवत काढतो ते शत्रूभोवती. ठराविक अंतरापलीकडे गवत काढायचे नाही, अशी बहुतेक खेळांची रीत आहे, कारण प्रत्येक काडी काढत बसले तर कोणतेही यंत्र गुडघे टेकेल. म्हणजे ४०० मीटरवरच्या शत्रूपासून लपण्यासाठी तुम्ही गवतात पालथे पडलात, तर तुमच्या डोळ्यांसमोर गवताची भिंत उभी असते आणि त्याच्या पडद्यावर तुम्ही उघड्या जमिनीवर झोपलेले असू शकता. लपण्याआधी विचारायचा प्रश्न ‘मला आडोसा दिसतो का’ हा नसून ‘त्याच्या यंत्राला हा आडोसा काढावाच लागेल का’ हा आहे. भिंत, मोठा खडक, झाडाचे खोड आणि जमिनीचा खोलगटपणा या गोष्टी त्याला काढाव्याच लागतात. त्यातही नाल्याचे पात्र किंवा शेताचा बांध मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण लांबच्या झुडपाची पाने खेळ विरळ करून टाकतो, पण त्यामानाने जमिनीचा उंचसखलपणा पुष्कळसा टिकून राहतो.

नवशिका

जागल्या भाऊ, लेख आवडला, पण माझ्याकडे संगणक नाही. आमच्याकडे सगळे बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळतात, तेही स्वस्तातल्या फोनवर. यातले फोनला काय लागू पडते? गवतात झोपून शेवटच्या वर्तुळापर्यंत, म्हणजे आकसत जाणाऱ्या मैदानाच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत, पोचणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, आणि ते जिंकतातही, त्यामुळे तुमचा गवताचा मुद्दा माझ्या गळी उतरत नाही.

पऱ्हाटी

नवशिका, ते जिंकतात कारण शेवटचे वर्तुळ लहान असते. पन्नास मीटरच्या आतले गवत सर्वांच्याच पडद्यावर असते, त्यामुळे तेथे झोपणारा खरोखरच लपलेला असतो. तोच माणूस एरँगल या नकाशातल्या मोकळ्या माळावर, तीन-चारशे मीटरवरून कोणी स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) लावून पाहत असताना झोपला, तर हिरव्या चादरीवर काळा डाग पडावा तसा दिसतो. गवत केव्हा कामाचे आणि केव्हा नाही, हे अंतर ठरवते. शिवाय ग्राफिक्स ‘स्मूथ’वर, म्हणजे हलक्या दर्जावर, ठेवणाऱ्याच्या फोनवर सावल्या आणि झाडोरा आणखी कमी असतो, आणि आपल्याकडच्या फोनांवर ती सेटिंग हौसेपेक्षा नाइलाजाने ठेवलेली असते. तुम्ही झाडाच्या सावलीत बसून स्वतःला लपलेले समजत असाल, तर त्या सावलीचा पत्ताच नसलेला कोणीतरी तुमच्याकडे पाहत असतो.

फोनवर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, पडद्याच्या कोपऱ्यातील लहान नकाशावर जवळची पावले आणि गोळीबार यांच्या खुणा उमटतात. त्यामुळे तेथे लपणे म्हणजे आधी आवाज लपवणे. घरात शिरल्यावर उभ्याने धावणारा माणूस आपला पत्ता स्वतःच लिहून देतो. दुसरी, पाठीमागून पाहण्याच्या पद्धतीत, म्हणजे टीपीपीमध्ये, भिंतीआड बसूनही कॅमेरा भिंतीच्या वरून पाहतो. तुम्हाला शत्रू दिसतो आणि त्याला तुमचा केसही दिसत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, म्हणून कोणत्याही भिंतीआडून आपल्याकडे कोणी पाहतच नाही, असे टीपीपीमध्ये कधीही धरू नये. धागालेखकाने सांगितलेले खेळ बहुतांशी सैनिकाच्या डोळ्यांतून खेळले जातात. तेथे पाहायचे असेल तर डोके बाहेर काढावेच लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते. बीजीएमआयमध्येही एफपीपी हा असा डोळ्यांतून पाहण्याचा प्रकार आहे; या धाग्याचा उपयोग करून पाहायचा असेल तर तो खेळावा.

फौजीकाका

पोरांनो, मी खेळ फारसा खेळत नाही, नातवाच्या मागे बसून पाहतो. पायदळात नोकरी झाली, कामठीत बराच काळ गेला. खेळात आणि मैदानात काय जुळते आणि काय जुळत नाही एवढेच सांगतो.

वस्तू का दिसते याची कारणे फौजेत पाठच करून घेतात: आकार, सावली, चमक, क्षितिजावर उमटणारी आकृती, पृष्ठभागाचा वेगळेपणा, दोघांमधले सारखे अंतर, आणि हालचाल. यातले सारखे अंतर खेळणाऱ्या मुलांच्या ध्यानातच येत नाही. चार जण एका ओळीत, मोजून दिल्यासारख्या अंतरावर चालले की लांबून पाहणाऱ्याला माणसे ओळखू आली नाहीत तरी ओळ ओळखू येते, कारण निसर्गात झाडे किंवा खडक असे ओळीने नसतात. नातवाच्या खेळात मी हे रोज पाहतो. रस्त्याच्या कडेने चौघे एकामागे एक जातात आणि चौघेही एकाच्याच हातून मरतात.

पाहण्याची रीत अशी. समोरचा प्रदेश आधी जवळचा, मधला आणि लांबचा अशा तीन पट्ट्यांत वाटून घ्यावा आणि जवळच्या पट्ट्यापासून सुरुवात करावी, कारण जवळचा शत्रू आधी मारतो. नजर सलग फिरवू नये. थोडी सरकवावी, थांबवावी, पुन्हा सरकवावी, आणि प्रत्येक थांब्याने आधीच्या थांब्याचा थोडा भाग झाकावा. डोळ्याचा अगदी स्पष्ट दिसणारा भाग मधल्या दोनेक अंशांचाच असतो. बाकी कडेची नजर हालचाल पकडते, आकार नाही. फिरत्या नजरेला सगळेच हलताना दिसते, त्यामुळे खरी हालचाल तीत बुडून जाते. पडद्यावर तर हे अधिक खरे आहे, कारण माऊस फिरवला की सगळा देखावा पुसट होतो. मुले माऊस पंख्यासारखा फिरवतात आणि मग म्हणतात की कोणी नव्हते. डावीकडून उजवीकडे पाहायची वाचनामुळे सवय असते आणि सवयीची नजर घसरते, म्हणून उजवीकडून डावीकडे पाहावे, असेही सांगतात. मला त्याचा फायदा झाला आहे.

काही गोष्टी मात्र खेळात चालत नाहीत. अंधारात वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे असे आम्ही शिकलो, कारण मंद उजेडात डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग अधिक काम देतो, आणि डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास लागतो. चकाकत्या पडद्यासमोर बसलेल्या मुलाला याचा काही उपयोग नाही. दोन्ही बाजूंची मिळून माणसाची नजर १८० अंशांच्या आसपास पसरते. पडदा त्यातले ९० अंश दाखवतो, म्हणजे उरलेली बाजू आंधळी. म्हणून ऑल्ट बटण दाबून, अंग न वळवता मान फिरवून पाहण्याची जी सोय आर्मामध्ये आहे, ती चालताना अधूनमधून वापरलीच पाहिजे.

एक जाता जाता. अंगावर चिंध्या-गवत बांधलेला जो घिली पोशाख या खेळांत मिरवला जातो, तो सैन्यात आणला स्कॉटलंडच्या लोव्हट स्काउट्स पलटणीने. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या काळात, १९०० साली उभी राहिलेली ही पलटण शिकारीची राने राखणाऱ्या माणसांतून भरती केलेली होती. त्या पोशाखाचे काम माणसाचा आकार मोडण्याचे आहे; तो घालून पळणारा माणूस मला अजून समजलेला नाही.

रातकिडा

काकांनी पाहण्याबद्दल सांगितले, मी ऐकण्याबद्दल लिहितो, कारण या खेळांत शत्रू बहुधा आधी कानाला सापडतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि रायफलची गोळी नळीतून निघताना त्याच्या दुपटीहून अधिक वेगात असते. त्यामुळे आपल्याजवळून गेलेल्या गोळीचा ‘चट्ट’ असा कोरडा आवाज आधी येतो आणि बंदुकीचा ‘धप्प’ आवाज मागाहून. आर्मामध्ये हा उशीर खरोखर दाखवलेला आहे. ३०० मीटरवरून कोणी मारत असेल तर दोन आवाजांत अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर अंतर पडते. पूर्ण सेकंद जाणवला तर मारणारा अर्ध्या किलोमीटरच्या बराच पलीकडे आहे. दिशा मात्र दुसऱ्या आवाजावरून घ्यावी. पहिला आवाज गोळीच्या मार्गातून निघतो, त्यामुळे तो भलत्याच बाजूने आल्यासारखा वाटतो, आणि नवे खेळाडू त्याच बाजूला तोंड करून बसतात.

नळीवर सायलेन्सर लावल्याने हा ‘धप्प’ दबतो आणि नळीच्या तोंडाचा जाळही कमी होतो, पण आवाजापेक्षा वेगवान गोळीचा ‘चट्ट’ राहतोच. म्हणजे समोरच्याला कोणीतरी मारते आहे हे कळते, कुठून ते कळत नाही. सायलेन्सर लावला म्हणून एकाच जागी बसून मारत राहणारे अखेर नजरेनेच सापडतात.

आता आपल्याकडची खरी अडचण. मे महिन्यात कूलर चालू असला की हेडफोनमध्येही पावले ऐकू येत नाहीत आणि कूलर बंद केला तर माणूस बसू शकत नाही. आवाज वाढवून उपयोग होत नाही, कारण मग आपल्याच बंदुकीने कान बधिर होतात. मी कानात बोंड्याचे, म्हणजे कानाच्या भोकात घट्ट बसणारे इयरफोन घालून त्यावर स्वस्तातला मोठा हेडफोन नुसताच, तार न जोडता चढवतो. बघायला विचित्र वाटते, पण कूलरची घरघर बरीच कमी होते आणि गवतातून चालण्याचा व खडीवरून चालण्याचा आवाज वेगळा कळू लागतो.

सोल्डर

माझा धंदा संगणक दुरुस्तीचा आहे, तेव्हा पडद्याच्या बाजूने लिहितो.

आर्मा ३ मध्ये एकूण दृश्याचे अंतर आणि वस्तूंचे अंतर अशा दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. पहिली लांब आणि दुसरी आखूड ठेवली तर लांबची टेकडी दिसते, पण तिच्यावरचे घर, झाड आणि माणूस काहीच दिसत नाही. अनेक जण टेकडी दिसते आहे म्हणून निर्धास्त असतात. यंत्र झेपत नसेल तर पहिली पट्टी कमी करा आणि दुसरी जितकी वाढवता येईल तितकी वाढवा.

रेंडर स्केल, म्हणजे यंत्र पडद्याच्या मानाने किती पिक्सेलांत चित्र काढते ते प्रमाण, १०० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. धागालेखकाने मोजलेले सहा पिक्सेल तेथे चार होतात आणि मग चारांचे काहीच उरत नाही. कडा गुळगुळीत करण्याच्या ज्या पद्धती आधीच्या चित्रांची सरमिसळ करतात, त्या लांबच्या लहान हलत्या ठिपक्याला धुरकट करून टाकतात. चित्र सुंदर दिसते आणि माणूस विरघळतो. त्यापेक्षा कडा थोड्या दातेरी राहिल्या तरी चालतील. सावल्या मात्र पूर्ण बंद करू नयेत. भिंतीच्या कोपऱ्यामागे उभ्या माणसाची सावली त्याच्या आधी बाहेर येते, आणि ती तुम्हाला फुकटात मिळते.

याउलट आर्मामध्ये भूप्रदेशाची सेटिंग सगळ्यात खाली नेली की गवत संपूर्ण नाहीसे होते. ज्या सर्व्हरवर ती मुभा आहे तेथे मी ती खाली ठेवतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. जे बटण खेळ देतो ते वापरायचे.

फौजीकाका

सोल्डर, नियमात बसते म्हणून ते योग्य ठरत नाही. समोरचा मुलगा गवत आहे असे समजून अर्धा तास सरपटत येतो, आणि तुम्ही त्याला सिमेंटच्या अंगणात रांगताना पाहता. मग वास्तवदर्शी खेळ हवा कशाला?

सोल्डर

काका, मान्य, पण माझ्या यंत्रावर गवत लावले तर चित्र सेकंदाला वीस वेळाही बदलत नाही. भारी यंत्रवाल्याला गवतही मिळते आणि वेगही मिळतो. सर्व्हरवाल्यांनी सर्वांसाठी एकच सेटिंग सक्तीची करावी, हा एकच न्याय्य मार्ग आहे, आणि काही सर्व्हर तसे करतातही. रात्रीच्या सामन्यात मॉनिटरचा उजेड वाढवून अंधारच पुसून टाकणाऱ्यांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे.

मोहफूल

मला धागालेखकाच्या एका सुराबद्दल बोलायचे आहे. ‘हललात तर दिसाल’ हे खरे असले तरी त्याचा अर्थ बरेच जण ‘बसून राहा’ असा घेतात आणि मग चाळीस मिनिटे एका खिडकीत काढतात. स्क्वॉड आणि हेल लेट लूज हे दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास माणसांचे खेळ आहेत. एकट्याचे न दिसणे तेथे पथकाच्या कामी आले पाहिजे. माझ्या पाहण्यात सर्वांत उपयोगी लपलेला माणूस तो असतो, जो गोळीच झाडत नाही. शत्रू कोणत्या बाजूने सरकतो आहे आणि त्याची माणसे पुन्हा जिवंत होऊन कुठून निघतात, एवढे सांगत राहणारा एक माणूस दहा बळी घेणाऱ्यापेक्षा सामना अधिक फिरवतो. हेल लेट लूजमध्ये दोघांचे टेहळणी पथक असते. त्यातल्या नेमबाजाची हौस सर्वांना आणि सोबतच्या टेहळ्याची कोणालाच नाही, हे आपल्या लोकांचे दुखणे आहे.

दिसलेला शत्रू सांगायचा कसा, याबद्दल तर आनंदच आहे. आमच्या गटात परवा ऐकलेला संवाद जसाच्या तसा देते.

‘दादा, तिकडे आहे, झाडापाशी.’
‘कोणत्या झाडापाशी?’
‘अरे, ते मोठे नाही का, डावीकडे.’
‘माझ्या डावीकडे की तुझ्या?’
‘मेलो.’

पडद्याच्या खाली होकायंत्राची पट्टी दिलेली असते, ती शोभेसाठी नाही. आधी अंश, मग अंतर, मग खूण, मग किती जण आणि काय करतात, या क्रमाने बोलावे: ‘एकशे वीस अंश, दोनशे मीटर, मोडक्या भिंतीची उजवी कड, दोघे, बसलेले.’ अंश आधी सांगायचे कारण असे की ऐकणाऱ्याला मान वळवायला वेळ लागतो. तो वळेपर्यंत बाकीचे सांगून होते. सोबतचा दूर उभा असेल तर त्याचे अंश वेगळे येतील, तेव्हा त्याच्यासाठी नकाशावर खूण करावी. आणि जुन्या खुणेवर विश्वास ठेवू नये. पाच मिनिटांपूर्वी तेथे शत्रू होता, याचा अर्थ आता तो दुसरीकडे आहे एवढाच होतो.

अंतर नजरेने येत नसेल तर मिलच्या रेघा असलेला स्कोप वापरा (मिल हे कोनाचे माप; एक मिल म्हणजे १००० मीटरवर एक मीटर). १.८ मीटरचा उभा माणूस सहा मिल भरला तर तो ३०० मीटरवर आहे, तीन मिल भरला तर ६०० वर.

जागल्या (धागालेखक)

मोहफूल ताई, तुमचा आक्षेप रास्त आहे. थांबणे हे पाहण्यासाठी असते, मुक्कामासाठी नाही. एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत जायचे, तेथे थांबून पुढचा टप्पा नीट पाहायचा, आणि निघण्याआधी पुढचा आडोसा ठरवलेला असायचा. मधल्या मोकळ्या जागेत कसे जायचे याचा निर्णय कोणी पाहत असण्याची शक्यता किती यावर करावा. जवळून कोणी पाहत असेल तर सरपटण्यात अर्थ नाही, तो तुम्हाला सावकाश मारील, तेथे पळावे. लांबून पाहत असेल आणि नजर तुमच्यावर ठरलेली नसेल तर हळू जाणेच बरे.

इमारतीत बसायचे झाल्यास खिडकीला चिकटू नये. खोलीच्या आत दोन-तीन मीटर मागे, अंधाऱ्या भिंतीकडे सरकून बसले की दिसणारा पट्टा अरुंद होतो, पण बाहेरच्याला खिडकी नुसती काळी दिसते. बंदुकीची नळी खिडकीबाहेर काढणारे किती तरी जण मी रस्त्यावरून टिपले आहेत. काही खेळ दुर्बिणीची चकाकी मुद्दाम दाखवतात, बॅटलफिल्ड मालिकेत तर ती लांबून झळकते. तेथे गरज संपताच स्कोपवरून डोळा काढणे हेच लपणे. रात्री हातातली विजेरी जशी लपवायची तशीच आर्मामधली इन्फ्रारेड लेसरही लपवायची. उघड्या डोळ्याला ती दिसत नाही म्हणून मुले ती सतत चालू ठेवतात; रात्रदर्शी चष्मा घातलेल्या प्रत्येक शत्रूला ती तुमच्यापर्यंत येणारी सरळ रेघ दिसते.

भिंतीआडून वाकून पाहताना भिंतीच्या वरून डोके काढू नये, कडेने आणि शक्य तितके खालून पाहावे. वरून पाहिले की पाठीमागे बहुधा आकाश असते आणि समोरच्याची नजर उभ्या माणसाच्या उंचीवर आधीच रोखलेली असते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. आपण बहुतेक जण मोबाइल डेटावर खेळतो आणि संध्याकाळी गावातल्या टॉवरवर गर्दी झाली की पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, १००-१५० मिलिसेकंदांवर जाते. पळणारा माणूस सेकंदाला पाचेक मीटर जातो, म्हणजे १०० मिलिसेकंदांत अर्धा मीटर. कोपऱ्यावर नेम धरून बसलेल्याच्या पडद्यावर तो येईपर्यंत त्याचे अर्धे अंग कोपऱ्याबाहेर आलेले असते आणि त्याने तुम्हाला पाहिलेलेही असते. म्हणून अरुंद कोपऱ्यावर, हातभर अंतरावरून नेम धरून बसण्याची शहरातल्या फायबरवाल्यांची सवय आपण उचलू नये. कोपऱ्यापासून जितके दूर बसाल तितके बरे. दूर असणाऱ्याला समोरच्याचा खांदा आधी दिसतो आणि पिंगमुळे गेलेला वेळ थोडा तरी भरून निघतो.

नवशिका

एक शंका आहे. गोळी झाडल्यानंतर जागा बदलायची हे सगळेच सांगतात, पण बदलताना हालचाल होते आणि हालचाल दिसते. मग नेमके करायचे काय? आणि खेळातले संगणकी शत्रू याच नियमांनी पाहतात का?

जागल्या (धागालेखक)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जागा निवडतानाच द्यावे लागते. ज्या ठिकाणाहून न दिसता मागे सरकता येत नाही, तेथून गोळी झाडू नये. नाल्याच्या काठावर असाल तर दोन गोळ्यांनंतर पात्रात घसरा आणि वीस-तीस मीटर बाजूला जाऊन पुन्हा डोके काढा. ती हालचाल कोणाला दिसत नाही. मोकळ्या वावरात मधोमध असलेल्या एकुलत्या झाडामागे हे जमत नाही, म्हणून ते झाड कितीही जाड असले तरी सोडून द्यावे. शिवाय समोर कोणी लपले असेल अशी शंका आल्यावर प्रत्येक जण आधी एकुलत्या झाडाकडेच पाहतो.

संगणकी शत्रूंचे गणित वेगळे असते. आर्मामध्ये त्यांना किती अंतरावरून दिसावे आणि किती वेळात ओळख पटावी, हे सामना रचणारा आकड्यांनी ठरवतो, आणि प्रत्येक सैनिकाला दिसण्याचे व ऐकू येण्याचे प्रमाणही दिलेले असते. पिवळ्या भिंतीसमोर पिवळा गणवेश घातला म्हणून ते फसत नाहीत. त्यांच्यापासून वाचायचे तर पूर्ण आडोसा, झोपणे आणि सावकाश चालणे यांचाच भरवसा. संगणकाविरुद्ध शिकलेले लपणे माणसांविरुद्ध अपुरे पडते, हे त्यामुळेच.

हे सगळे वाचून होत नाही, म्हणून एक प्रयोग सुचवतो. आर्मा ३ च्या ईडन एडिटरमध्ये, म्हणजे स्वतःचे सामने रचण्याच्या सोयीत, एक टेकडी निवडा. एकाने ३०० मीटरवर त्याला हवे तेथे लपावे, दुसऱ्याने दुर्बिणीशिवाय शोधावे, आणि सापडल्यावर किंवा कंटाळा आल्यावर दोघांनी जागा बदलाव्यात. लपणाऱ्याने स्वतःची लपलेली जागा समोरून पाहणे हा यातला खरा भाग आहे; गवताबद्दलचा माझा मुद्दा ज्यांना पटला नसेल त्यांनी तो तेथेच तपासावा.

पऱ्हाटी

फोनवाल्यांनी हेच बीजीएमआयच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये करावे. तेथे गर्दी असते, त्यामुळे शांतता मिळणार नाही, पण एकाने दूर जाऊन गवतात झोपायचे आणि दुसऱ्याने आधी उघड्या डोळ्यांनी, मग चारपट स्कोपमधून पाहायचे, एवढे सहज जमते. दोघांच्या फोनची ग्राफिक्स सेटिंग मुद्दाम वेगळी ठेवा.

सोल्डर

रविवारी रात्री जेवणानंतर मी सर्व्हर उघडतो. गवत सर्वांना सक्तीचे ठेवीन, काकांचा शब्द म्हणून. ज्यांना यायचे त्यांनी येथेच कळवा आणि सोबत आपली पिंग लिहा, म्हणजे जोड्या बरोबरीच्या लावता येतील. आमच्या फिडरची वीज त्या आठवड्यात रात्री असते, त्यामुळे वेळ बदलण्याची शक्यता नाही.